बारा नंबरचं छिद्र

मी एक जुनी सुई आहे. मित्रांनो, लगेच दोरा शोधायला उठू नका, मला नेढं नाही. इंजेक्शनचीही मी नव्हे, तेव्हा दंड झाकून बसायचं कारण नाही. मी माणसं शोधायची सुई आहे. म्हणजे होते. सध्या मुलुंडच्या एका दोन खोल्यांच्या घरात मोरीच्या जाळीत अडकलेले केस ओढून काढणं, हे माझं काम. ते मी नीट करते. काम कसलंही असो, काय अडकलं होतं ते माझ्या लक्षात राहतं.

जन्मानं मी सायकलची तार. दादू नावाच्या शिपायाच्या सायकलच्या मागच्या चाकात पस्तीस बहिणींबरोबर फिरत होते. दादू कुडाळकडचा. बोरीवलीच्या दवाखान्यातून एक्स-रेचे लिफाफे अंधेरीच्या एका संस्थेत पोचवणं ही त्याची नोकरी, आणि वाटेत कोणाच्या घरात काय चाललंय ते गोळा करणं ही त्याची हौस. एकोणीसशे पंच्याहत्तर साली त्याचं चाक एका उघड्या गटारात गेलं. बहिणी वाकल्या. मी तेवढी सरळ राहिले. त्याचं कौतुक मला तेव्हा फार वाटलं होतं.

अंधेरीची ती संस्था छातीच्या रोगांचा अभ्यास करायची. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि छतापर्यंत फायली. चार हजार आजारी माणसं त्या फायलींत झोपलेली होती. त्यातल्या एखाद्याला उठवायचं म्हटलं की तीन कारकून दोन दिवस शिंकायचे.

फायलींना नंबर घालायला तिथे रत्नप्रभा नावाची मुलगी नेमली होती. वय सव्वीस. वडील वाशीमकडून एक गाठोडं घेऊन मुंबईला आलेले, घरातली पहिली पदवीधर ती, ग्रंथपालनाची परीक्षा दिलेली. पण नंबर घालण्यात तिचा जीव नव्हता. शोधलेलं सापडतं कसं आणि सापडत नाही ते का, हा प्रश्न तिनं स्वतःहून अंगावर ओढून घेतला होता. आज तुम्ही मोबाइलवर दोन शब्द टाकता आणि उत्तर यायला क्षणभर उशीर झाला तर कुरकुरता. तेव्हा संगणक पाहायलाही ओळख लागायची. अशा दिवसांत या प्रश्नावर संशोधन करणारी एक बाई अंधेरीच्या व्हरांड्यात बसून डबा खाते आहे, याचा पत्ता तिच्या शेजारच्या टेबलालाही नव्हता.

तिनं जाड पुठ्ठ्याची कार्डं करून घेतली. एका माणसाचं एक कार्ड. कडेनं छिद्रांची ओळ, आणि प्रत्येक छिद्राला एक अर्थ. एक नंबर म्हणजे बाई. चार म्हणजे सहा महिन्यांवरचा खोकला. नऊ म्हणजे थुंकीतून रक्त. बारा म्हणजे धूळ. कार्डावरच्या माणसाला जे लागू असेल, त्या छिद्राची कड चिमट्यानं कापून उघडी करायची. तिकीट तपासनिसाकडे असतो तसला चिमटा. मग गड्डी जुळवायची, हव्या त्या छिद्रातून सुई आरपार घालायची आणि उचलायची. ज्यांचं छिद्र उघडं, ती कार्डं टपटप खाली पडतात. ज्यांचं बंद, ती सुईवर लटकून राहतात. पडला तो सापडला.

सगळं जमलं, फक्त सुई नव्हती. विलायती सुईचा अर्ज मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आठ महिने पडून होता. शेवटी दादूनं मला तिच्यापुढे ठेवलं.

"बाय, ह्या तारेन काम होता काय बघ. तुझो सायब सुई मागवीपर्यंत पेशंट म्हातारे होतले."

तिनं माझं डोकं कापलं, टोक दगडावर घासून गोल केलं आणि मूठ म्हणून एका औषधाच्या बाटलीचं बूच बसवलं. दोन दिवसांचं काम मी चहा निवायच्या आत करू लागले. पाहुणे बघायला येऊ लागले. मोठे डॉक्टर, म्हणजे देवदत्त सर, त्यांना सांगायचे, "आम्ही ही पद्धत बसवली." कधी काही अडलं की तीच पद्धत "यांची" व्हायची. सर वाईट नव्हते. त्यांची सर्वनामं तेवढी सोयीची होती.

रत्नप्रभाची एक वही होती. तिच्यात दोन रकाने. पहिला, न मागता आलेली कार्डं. दुसरा, मागूनही न आलेली. आधी शंभर कार्डं स्वतः वाचून ठरवायची की कोणती पडायला हवीत, मग मला घालून बघायची की कोणती पडली. कार्डं जुळवताना ती माझ्याशी बोलायची. "पहिल्या रकान्यानं माणूस वैतागतो. दुसऱ्या रकान्यानं माणूस जातो, आणि गेल्याचं कळतसुद्धा नाही." हे तिला पाठ होतं. पाठ असलेलं ऐन वेळी आठवतंच असं नाही, हे मी पुढे पाहिलं.

संध्याकाळी ती मला पर्समध्ये घालून घरी न्यायची, टोक जरा बाहेर ठेवून. बसच्या रांगेत मागून फार जवळ उभं राहणाऱ्यांना मी दूर कसं उभं राहायचं ते शिकवलं. त्या कामाची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

बोरीवलीला डोंगराच्या पायथ्याशी गारगोट्या दळायचा एक कारखाना होता. आता नाही. त्या पांढऱ्या भुकटीची भांडी घासायची पावडर व्हायची, आणि दिवाळी जवळ आली की रांगोळी. कारखान्याला लागून चाळ होती. रांगोळी चिमटीतून सुटी पडायची तर दाणा हवा, पीठ नको. म्हणून चाळीतल्या बायका भुकटीची पोती घरी आणायच्या, चाळायच्या, सुपात पाखडायच्या आणि नको असलेलं पीठ हवेत उडवून द्यायच्या. दुपारी त्या चाळीत पापण्यांपर्यंत पांढऱ्या बायका ओळीनं बसलेल्या असायच्या. त्यांत रत्नप्रभाची थोरली बहीण शकु होती. शकुचा नवरा कारखान्यात दळणावर, आणि शकु दारात चाळणीवर. सुपाची दुसरी कड धरायला तिची लेक दर्शना.

अठ्ठ्याहत्तर साली एक चौकशी समिती बसली. धुळीनं आजारी पडलेल्यांची यादी तिनं संस्थेकडे मागितली. यादीतल्यांची दर सहा महिन्यांनी खास डॉक्टरांकडून तपासणी होणार होती, धुळीतलं काम सुटणार होतं. रत्नप्रभानं मला बारा नंबरच्या छिद्रातून घातलं. दोनशे एक्याऐंशी कार्डं पडली. देवदत्त सरांनी ती चाळली आणि भुवया वर गेल्या.

"हे काय? शाळेचा मास्तर? न्हावी? असे आठ जण. आणि या एकसष्ट बायका?"

"सर, चाळ कारखान्याला लागूनच आहे. मी त्या सगळ्यांचं छिद्र उघडलंय. बायका तर घरी—"

"व्यवसाय काय लिहिलाय त्यांचा?"

"घरकाम."

"मग? घरकामानं फुप्फुसात दगड बसतात का, रत्नप्रभाबाई? हा कचरा पडतोय. समितीसमोर हसं होईल आपलं."

नियम ठरला. व्यवसायाच्या रकान्यात कारखान्याचं नाव असेल तरच बारा नंबर उघडायचा. पण मित्रांनो, एकदा कापलेलं छिद्र पुन्हा बंद करता येत नाही. म्हणून एकोणसत्तर कार्डं कोऱ्या पुठ्ठ्यावर नव्यानं लिहावी लागली, आणि ती रत्नप्रभानंच लिहिली. शकुच्या जुन्या कार्डावर तिनं कधीतरी पेन्सिलीनं कडेला लिहून ठेवलं होतं, 'घरी रांगोळी चाळते'. नव्या कार्डावर कडेला लिहायला नियमात जागा नव्हती. मी टेबलावरच होते. तिचं पेन थांबलं. मग चाललं.

बारा नंबर बंद राहिला.

नंतर तिनं रीतसर परीक्षा घेतली. शंभर कार्डं निवडली, पण निवडली कारखान्याच्या हजेरीपटावरून. तेच सोयीचं होतं. पहिला रकाना शून्य. दुसरा रकानाही शून्य. ती इतकी खूश झाली की दादूला आणि मला एकाच दमात शाबासकी दिली. हजेरीपटावर बायका नव्हत्याच, मग त्या हरवल्याचं दिसणार कसं? हे तेव्हा तिला सुचलं नाही आणि मला तोंड नव्हतं. देवदत्त सरांनी दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचला. आभारात तळाला तिचं नाव होतं.

जुनी कार्डं तिनं फेकली नाहीत. पाठकोरा कागद फेकवत नाही, अशा घरातली ती. रविवारी ती गड्डी घेऊन शकुकडे गेली, दर्शनाला चित्रं काढायला. मी पर्समध्ये होतेच.

"रत्ना, तुमच्याकडची रद्दीपण काय गुळगुळीत गं!" शकु म्हणाली. हसताना तिला खोकला आला आणि बराच वेळ गेला नाही.

"ताई, औषध घेतेस ना?"

"घेते की. टीबीचा दुसरा कोर्स. त्या टीबीलाच आता माझी सवय लागलीय."

"थोडे दिवस चाळणं बंद ठेव."

"ठेवते. मग दिवाळी कोण करणार, तुझे देवदत्त सर?"

दर्शना म्हणाली, "आई, चौदा एप्रिलची काढ ना, पानांची." शकुनं गड्डीतलं एक कार्ड ओढलं, पाठीवर पंधरा ठिपके दिले आणि पिंपळाची पानं जोडत गेली. कार्ड कोणाचं आहे ते तिनं उलटून पाहिलं नाही. तिला वाचता येत होतं, मित्रांनो. तिनं पाहिलं नाही, एवढंच.

दोनशे बारा जणांची यादी गेली. शकुच्या नवऱ्याचं नाव तीत होतं. दर सहा महिन्यांनी तो अंधेरीला तपासणीला यायचा, आणि सोबत शकु, त्याचा लिफाफा सांभाळत. एके दिवशी दादू आत आला आणि त्यानं सायकलची किल्ली रत्नप्रभाच्या टेबलावर आपटली.

"बाय, तुझी भैन भायर बाकार बसान खोकता. आत भावोजीक तपासतत. त्येका काय्येक नाय, तो बिडी मागता. ह्या तुझ्या सुयेक कळाक नाय काय?"

रत्नप्रभा उठून दारापर्यंत गेली. बराच वेळ बाहेर बघत उभी राहिली. परत आली आणि तिनं मला खणात टाकलं. पुढचे नऊ दिवस तिनं मला हात लावला नाही. चार हजार कार्डं तिनं एकेक करून डोळ्यांनी वाचली, चाळीचा पत्ता बघत, मूळ फाइल उघडत. दहाव्या दिवशी वहीबरोबर मलाही घेऊन ती सरांकडे गेली.

"सर, दुसरा रकाना. एकसष्ट."

सरांनी वही वाचली. रंग उतरला त्यांचा, ते मी नाकारणार नाही. पण म्हणाले, "अहवाल गेलाय, रत्नप्रभाबाई."

"दुसरा पाठवू."

"आणि त्यात काय लिहू? आपली पद्धत चुकली?"

"हो."

"बहिणीला उद्या घेऊन या. मी स्वतः बघतो."

त्यांनी बघितलं. खरोखर मनापासून बघितलं. शकुच्या दोन्ही फुप्फुसांत गारगोटी बसली होती. टीबी नव्हताच. तीन वर्षं ती नसलेल्या रोगाच्या गोळ्या गिळत होती आणि असलेला रोग रोज सुपात पाखडत होती. ऐंशी साली, दिवाळीच्या तीन आठवडे आधी, ती गेली. दारातलं पोतं अर्धंच चाळून झालं होतं. बाकीच्या साठ जणींपैकी किती गेल्या ते मला माहीत नाही. त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही आणि मला तो बनवून सांगायचा नाही.

रत्नप्रभानं एक निबंध लिहिला. त्यात स्वतःची चूक मांडली होती. जिथून नमुना घेतला तिथे त्या बायका नव्हत्याच, म्हणून दोन्ही शून्यं खोटी होती. तीन ठिकाणी पाठवला. पोच आली, उत्तर आलं नाही. तोवर समितीही गुंडाळली गेली होती. मग एका दुपारी, कोणाला न विचारता, तिनं त्या एकसष्ट कार्डांचा बारा नंबर उघडला. एकसष्ट वेळा चिमटा वाजला. कोणी मान वर केली नाही.

पुढे संगणक आला. देवदत्त सर गेले, दादू निवृत्त होऊन गावी गेला आणि तिथेच वारला. रत्नप्रभा निवृत्त झाली तेव्हा तिला नारळ आणि शाल मिळाली. मला तिनं स्वतःच पर्समध्ये घातलं. हळूहळू मी नाड्या ओवू लागले, गॅसच्या बर्नरची भोकं साफ करू लागले आणि मोरीपर्यंत पोचले. तक्रार नाही. माझ्यापेक्षा मोठमोठे याहून खाली गेलेले मी पाहिलेत.

गेल्या वर्षी दर्शना आली. सत्तावन्न वर्षांची, बोरीवलीलाच राहणारी, आणि आली ती जिन्यावरून खोकतच.

"मावशी, टीबीचा दुसरा कोर्स चालू केलाय. फरक नाही यार काही."

रत्नप्रभाचा हात माझ्यावर होता, मोरीत. तो थांबला. "डॉक्टरनं विचारलं नाही, धुळीत काम केलंत का?"

"विचारलं ना. मी म्हटलं, मी कुठे कामाला जाते? मी घरीच असते. घरकाम."

शहात्तर वर्षांच्या रत्नप्रभानं मला साबणानं धुतलं, पुसलं आणि पर्समध्ये घातलं. दोघी अंधेरीच्या संस्थेत गेल्या. दारावरच्या सुरक्षारक्षकानं मला बाहेर काढून विचारलं, "आजी, हे काय?" ती म्हणाली, "माझं ओळखपत्र." आत सगळं चकचकीत. एका मुलीनं संगणकावर 'धूळ' टाकलं. दोनशे बारा. शकुचं नाव टाकलं, तर कार्डाचा फोटो आला. व्यवसाय, घरकाम. कार्डाच्या चारी बाजू सुरीनं कापल्यासारख्या सरळ.

"कडा कुठेत?" रत्नप्रभानं विचारलं.

"कडा? त्या खराब होत्या ना आजी. सगळीकडून कुरतडलेल्या. मशीनमध्ये अडकायची कार्डं. म्हणून कंत्राटदारानं आधी ट्रिम करून घेतली, मग स्कॅन केली, मग मूळ कार्डं रद्दीत दिली."

म्हणजे लिहिलेलं होतं तेवढं राहिलं, आणि जे समजलं होतं ते कात्रणांच्या पिशवीत गेलं.

घरी येऊन रत्नप्रभानं दर्शनाला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. पेन थांबलं होतं, तेसुद्धा सांगितलं.

"म्हणजे आईचं कार्ड तू बदललंस."

"हो."

"तुझ्या हातानं."

"माझ्याच. जुनं होतं त्यावर बारा नंबर उघडा होता. ते पाठकोरं म्हणून तुला चित्रं काढायला आणलं."

दर्शना उठली. चहा तसाच राहिला. दार जोरात लागलं नाही. जोरात लावायला छातीत दम लागतो.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम घेऊन. आतमध्ये पंधरा ठिपक्यांची पिंपळपानांची रांगोळी, पिवळी पडलेली. सत्तेचाळीस वर्षं तिच्या घरात भिंतीवर होती ती. आईनं काढलेलं तेवढंच तिच्याकडे होतं.

"मागची बाजू मी कधी बघितलीच नाही गं मावशी."

फ्रेमचे खिळे मी उपसले. माझं टोक त्यात वाकलं, आयुष्यात पहिल्यांदा. कार्ड बाहेर आलं, उलटलं. शकुंतला. वय तेहतीस. व्यवसाय, घरकाम. कडेला फिकट पेन्सिलीत, 'घरी रांगोळी चाळते'. कडा शाबूत. काचेखाली होत्या म्हणून.

रत्नप्रभानं ते एकच कार्ड उभं धरलं. गड्डी नाही, टेबल नाही. मला बारा नंबरमधून घातलं आणि हात सोडला. कार्ड क्षणभरही लटकलं नाही. तिच्या मांडीवर पडलं, रांगोळी वर.

मग दर्शना म्हणाली, "पडली आई."

दुसऱ्या दिवशी दर्शना ते कार्ड घेऊन इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "आई चाळायची. आणि तुम्ही?" ती म्हणाली, "मी सूप धरायचे." त्यांनी गोळ्या थांबवल्या, नवा एक्स-रे काढला आणि कागदावर धुळीपुढे 'होय' लिहिलं. हा रोग बरा होत नाही, मित्रांनो. गोळ्या बंद झाल्या, खोकला नाही झाला. पण ती आता सापडलेली आहे. चाळीत तिच्याबरोबर सूप धरणाऱ्या मुली कुठे कुठे राहायला गेल्या त्याची यादी ती आणि तिची मावशी मिळून करत आहेत. फोनवर. एक मानखुर्दला सापडली. तीही म्हणाली, मी घरीच असते.

माझं टोक वाकलंय, आता मी कोणत्याच गड्डीतून सरळ जाणार नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. शाळेचा फॉर्म येतो, त्यात आईच्या व्यवसायाची एक ओळ असते. तुम्ही पेन न थांबवता ती भरता. यंदा थांबवा. स्वयंपाकघरात जा आणि तिला विचारा, तू दिवसभर काय काय करतेस, आणि ते करताना नाकातोंडात काय जातं.

ओळीत मावणार नाही. कडेला लिहा. आणि ती कड कोणाला कापू देऊ नका.